साबणावरचा ठिपका आणि आपली दया



“आपण मटण खातो, कोंबडी खातो. मग साबणात चरबी आहे की नाही, याची चौकशी आपण कशाला करायची? ज्यांना करायची ते करतील.” हा प्रश्न आपल्या धर्मग्रामात मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. व्हीगन साबण, क्रूरतामुक्त शाम्पू ही नावे आता मोबाईलवरून तिगाव-पांढुर्ण्याच्या घराघरांत पोचली आहेत. कॉलेजला जाणाऱ्या मुली आईला बाटलीमागची बारीक अक्षरे वाचून दाखवतात. काही घरांत त्यावर हसतात, काही घरांत वाद होतो.

माझे मत आधीच सांगते. ख्रिस्ती माणसाने ही चौकशी जरूर करावी. पण विटाळाच्या भीतीने करू नये, मुक्या जिवाच्या वेदनेसाठी करावी. वरून पाहिले तर दोन्ही कारणांनी माणूस तोच साबण उचलील. पण एका कारणाने त्याचे मन शेजाऱ्यासाठी बंद होईल आणि दुसऱ्याने उघडेल. म्हणून कारण नीट तपासून घेणे आवश्यक आहे.

दोन शब्द, दोन अर्थ

बाजारात हे दोन शब्द एकत्रच ऐकू येतात, त्यामुळे गोंधळ होतो. ‘व्हीगन’ म्हणजे त्या वस्तूत प्राण्यापासून आलेले काहीही नाही. चरबी नाही, दूध नाही, मध नाही, मधमाश्यांचे मेणही नाही. ‘क्रूरतामुक्त’ म्हणजे ती वस्तू किंवा तिच्यातले घटक प्राण्यांवर प्रयोग करून तपासलेले नाहीत. पहिला शब्द सांगतो की बाटलीत काय आहे. दुसरा सांगतो की बाटली आपल्या हाती येण्याआधी काय घडले.

हे दोन्ही गुण एकाच वस्तूत असतीलच असे नाही. एखाद्या क्रीममधले सगळे घटक झाडापानांचे असू शकतात आणि तरी परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत ते सशाच्या डोळ्यात घालून पाहिलेले असू शकतात. उलट उदाहरण लॅनोलिनचे. मेंढीची लोकर धुताना जो मेणचट पदार्थ निघतो त्याला लॅनोलिन म्हणतात. ओठांच्या आणि भेगाळलेल्या टाचांच्या मलमांत तो असतो. तो मेंढीपासून आलेला, म्हणून व्हीगन नाही. पण काळजीने लोकर कातरली तर मेंढी मरत नाही, कळपात परत जाते.

आणि हिरवा ठिपका? खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर तो 2001 पासून आला. 2014 नंतर अनेक साबण, शाम्पू, टूथपेस्टवरही दिसू लागला. हा ठिपका घटक शाकाहारी आहेत एवढेच सांगतो. दूध आणि मध असले तरी ठिपका हिरवाच राहतो, म्हणजे तो ‘व्हीगन’ची खूणही नाही. आणि कोणत्या जिवाने काय सोसले, हे तर तो सांगतच नाही.

विटाळ मागच्या दाराने येऊ नये

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने स्पष्ट केले की बाहेरून आत जाणारी वस्तू माणसाला भ्रष्ट करत नाही. भ्रष्ट करते ते अंतःकरणातून बाहेर येणारे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात संत पेत्राला दृष्टान्तात आकाशातून उतरणारी चादर दिसली. तिच्यात सर्व प्रकारचे पशू होते. पेत्र त्यातून पुढे काय शिकला? ताटातल्या अन्नाविषयी तर शिकलाच, पण त्याहून अधिक माणसांविषयी शिकला. ज्या कर्नेल्याच्या उंबरठ्यावर तो पाय ठेवला नसता, त्याच्या घरी जाऊन तो राहिला.

आपल्यातल्या अनेक कुटुंबांच्या आजी-आजोबांनी या शिकवणीची किंमत स्वतःच्या अंगावर जाणली आहे. ताटात काय आहे त्यावरून माणसाची पायरी ठरवली जाई. पाणी वरून ओतले जाई. आजही मोठ्या शहरात भाड्याने खोली मागताना ‘तुम्ही काय खाता’ हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला खरे तर दुसरेच काही विचारायचे असते. म्हणून आपल्या लोकांना हिरव्या ठिपक्याविषयी थोडी शंका वाटते, यात मला नवल वाटत नाही. जो विटाळ प्रभूने पुढच्या दाराने बाहेर काढला, तो साबणाच्या वडीवर बसून मागच्या दाराने आत येऊ नये. ‘आमच्या घरी व्हीगनच वापरतात’ हे वाक्य शेजारणीला खाली पाहायला लावणार असेल, तर ते वाक्य न बोललेलेच बरे.

पण विटाळ सोडला म्हणजे विवेकही सोडायचा, असे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. इंग्लंडमध्ये राहूनही त्या शाकाहारीच राहिल्या. ख्रिस्ती झाले म्हणजे इंग्रजांसारखे जेवलेच पाहिजे, हे त्यांनी मान्य केले नाही. पण त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आणि बालविधवांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. तेव्हा आपला भागही मध्य प्रांतातच होता. केडगावच्या मुक्ती मिशनचे दार सर्व जातींच्या मुलींना उघडे होते. स्वतःच्या ताटाचा नियम त्यांनी पाळला, पण तो नियम दुसऱ्याला मोजायची पट्टी केला नाही. आपल्याला नेमके हेच शिकायचे आहे.

सशाच्या डोळ्याची गोष्ट

मग वेदनेचा प्रश्न काय आहे? 1944 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने एक चाचणी प्रसिद्ध केली. शाम्पू किंवा क्रीम माणसाच्या डोळ्याला किती झोंबेल, हे पाहण्यासाठी तो पदार्थ पांढऱ्या सशाच्या डोळ्यात घालायचा. सशाला डोळा चोळता येऊ नये म्हणून त्याला मानेपाशी अडकवून ठेवत. मग काही दिवस डोळा किती लाल होतो, किती सुजतो, बुबुळ किती पांढरे पडते याची नोंद करत. ससा यासाठी निवडला, कारण तो गरीब स्वभावाचा, स्वस्त आणि मोठ्या डोळ्यांचा. जो प्रतिकार करत नाही त्याच्यावरच ही वेळ आली, हे वाचताना ख्रिस्ती वाचकाला थांबावेसे वाटेल.

औषधाची गोष्ट वेगळी आहे. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, 2417 आणि 2418 या परिच्छेदांत, दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माणसाचा जीव वाचवण्यासाठी किंवा रोग बरा करण्यासाठी मर्यादेत राहून प्राण्यांवर प्रयोग करणे तिथे मान्य केले आहे. पण गरज नसताना प्राण्याला यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असेही तिथे सांगितले आहे. माझ्या मते केसांना अधिक चमक येण्यासाठी किंवा पापण्या अधिक काळ्या दिसण्यासाठी एका जिवाचा डोळा जाणे, हे गरजेच्या खात्यात बसत नाही.

आनंदाची गोष्ट ही की आपला देश या बाबतीत मागे राहिला नाही. 2014 साली केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत बदल करून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधने बाहेरून आणण्यासही बंदी आली. युरोपीय संघाने अशा वस्तूंची विक्री 2013 मध्ये पूर्ण थांबवली होती. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर अशा अनेक तपासण्या होतात. म्हणजे गावच्या किराणा दुकानातला देशी साबण घेताना सशाची चिंता बरीच कमी झाली आहे. ती जागरूकता खरी लागते परदेशातून कोणी भेट आणलेल्या किंवा बिल-पावतीशिवाय विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत.

आपल्या आधी चाललेली माणसे

दयेचा हा विचार पश्चिमेकडून आलेली नवी टूम आहे, असे कोणी म्हटले तर त्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट लंडनची. 1824 साली आर्थर ब्रूम या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पुढाकाराने प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्सही त्या कामात होते. संस्था कर्जात बुडाली तेव्हा त्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. माणसाला बेड्यांतून सोडवणे आणि घोड्याला चाबकापासून वाचवणे ही त्या लोकांना एकाच प्रभूची दोन कामे वाटत होती.

दुसरी मुंबईची. कुलुपे बनवणारे अर्देशीर गोदरेज यांनी 1918 साली वनस्पती तेलांपासून साबण बनवायला घेतला. तोवर चांगला साबण म्हणजे चरबीचाच, असे मानले जाई. प्राण्यांच्या चरबीशिवाय चांगला साबण होतो हे त्यांनी दाखवले. स्वदेशीच्या त्या काळात हजारो घरांना तो आपला वाटला आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीही त्याची शिफारस केली.

तिसरी पुण्याची. ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही चळवळ 1959 मध्ये इंग्लंडमध्ये म्यूरिएल डाउडिंग यांनी सुरू केली. तिची भारतातली शाखा 1974 साली पुण्यात डायना रत्नागर यांनी उभी केली. कोणत्या प्रसाधनात काय असते याची माहिती या संस्थेने वर्षानुवर्षे लोकांपुढे ठेवली आणि पाकिटांवरच्या खुणांसाठी पाठपुरावा केला.

आणि आपल्या स्वतःच्या भागात काय दिसते? पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतो. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले, त्याला एक दिवस तरी माया मिळावी म्हणून. सण कोणाचाही असो, त्यातली जाणीव आपल्या शास्त्राला परकी नाही. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाची विश्रांती सांगताना बैल आणि गाढव यांची नावे घेतली आहेत. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये असा नियम अनुवादात आहे. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण म्हणून आपल्या पशूच्या जिवाची काळजी सांगितली आहे. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी देव निनवेवर दया करण्याची कारणे देतो, तेव्हा तो तिथल्या गुराढोरांनाही मोजतो.

मटण खाणाऱ्याने काय करावे?

आता तो पहिला आक्षेप. जो मटण खातो त्याने चरबीचा साबण नाकारणे हा दुटप्पीपणा नाही का?

मी म्हणेन, चरबीपुरता या आक्षेपात जोर आहे. साबणासाठी म्हणून सहसा कोणी जनावर कापत नाही. मांसासाठी कापलेल्या जनावराची उरलेली चरबी साबणाकडे जाते. जो मांस खातो त्याला चरबीवर नाक मुरडण्याचा अधिकार थोडाच आहे. उलट, जीव घेतलाच आहे तर त्यातले काही वाया जाऊ नये, हेही एक प्रकारचे आदराचेच वागणे आहे. ज्यांच्या हातांनी कातडी कमावली, हाडे-चरबी उचलली त्या कष्टकऱ्यांना आपल्या समाजाने कमी लेखले. साबणाच्या निमित्ताने त्यांना पुन्हा कमी लेखण्याचे पाप आपण करू नये.

मग मांसाहारी ख्रिस्ती माणसापुढे दोन प्रश्न उरतात, आणि ते पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: माझ्या हौसेसाठी कोणी विनाकारण सोसले का? भूक ही गरज आहे, जेवणाची पंगत हा आनंद आहे. पण ओठांचा रंग? अनेक लिपस्टिकमध्ये कार्माइन नावाचा लाल रंग असतो. तो कोचिनील नावाचे किडे हजारोंनी सुकवून आणि भरडून काढतात. वेष्टनावर त्याचा क्रमांक ‘सीआय 75470’ असा छापलेला असतो. आपला ‘किरमिजी’ हा शब्दसुद्धा फारसीतल्या किड्याच्या शब्दावरून आला आहे. बायबलच्या इब्री भाषेतही किरमिजी रंगाला किड्याचाच शब्द आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायात पापाचा रंग सांगताना तोच शब्द येतो. जुन्या लोकांना तो लाल रंग कुठून येतो हे ठाऊक होते. आपण ते विसरलो आहोत. कार्माइनशिवाय लाल रंग मिळत असेल तर तो निवडायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न: माझ्या वस्तूने शेजाऱ्याचे मन दुखावते का? संत पौल रोमकरांना चौदाव्या अध्यायात सांगतो की खाण्यापिण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे, पण दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागेल अशा रीतीने ते वापरू नये. आपल्या घरी शाकाहारी शेजारी येतात, मुलांचे मित्र येतात. हात धुण्याच्या जागी वनस्पती तेलाचा साबण ठेवला तर त्यांना न विचारता हात धुता येतील. आपल्यासाठी ती लहान गोष्ट आहे. त्यांच्यासाठी ती आपण त्यांचा विचार केला याची खूण आहे. हिरवा ठिपका अशा रीतीने वापरला तर तो माणसे जोडतो.

खिसा आणि कष्ट

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शहरात ‘व्हीगन’ हा शब्द छापला की त्याच वस्तूची किंमत वाढते. संत्र्याच्या बागेत दिवसभर तोडणी करून मजुरी घेऊन येणाऱ्या बहिणीने महागडी बाटली घ्यावी, असे मी कधी म्हणणार नाही. ती जो साबण घेते तोच बहुधा पाम तेलाचा असतो. भारतात बनणाऱ्या अंघोळीच्या बहुतेक साबणांत आज तेच असते. दयेच्या नावाखाली गरिबाच्या मोरीत डोकावणे ही दया नाही.

आणि पाम तेलही निर्दोष नाही. इंडोनेशिया आणि मलेशियात पामच्या लागवडीसाठी जंगले तोडली गेली आणि ओरांगउटानांचे घर गेले. लाखेचेही असेच आहे. नेलपॉलिशमध्ये चमकीसाठी वापरली जाणारी लाख हा किड्यांचा स्राव आहे, म्हणून ती व्हीगन नाही. पण आपल्याच राज्यात सिवनी-बालाघाटकडच्या कित्येक आदिवासी कुटुंबांची मीठ-मिरची त्या लाखेवर चालते. म्हणून सर्व बाजूंनी स्वच्छ अशी वस्तू शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही. रोमकरांच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की सारी सृष्टी कण्हत आहे. आपल्याला ते कण्हणे एकट्याने थांबवता येणार नाही. आपल्या हातून त्यात भर पडू नये, एवढे पाहता येईल.

काय करता येईल

घरात आहे ते फेकू नका. वापरून संपवा, फेकणे हीसुद्धा नासाडीच आहे. संपल्यावर एकेक वस्तू बदला. अंघोळीचा साबण आधी घ्या. वेष्टनावर ‘सोडियम टॅलोवेट’ असेल तर ती चरबी आहे. ‘सोडियम पामेट’ असेल तर पाम तेल आहे. ‘टीएफएम’चा आकडा 76 किंवा जास्त असेल तर साबण पहिल्या प्रतीचा आहे. चांगला साबण महागच असतो असे नाही, हे त्या आकड्यावरून कळते.

आपल्या भागात तर निसर्गाने दुकानच मांडले आहे. केसांसाठी रिठा आणि शिकेकाई, अंगाला बेसन, हिवाळ्यात खोबरेल. संत्र्याच्या साली उन्हात वाळवून दळल्या की त्यांचे उटणे होते. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी ते आधी हातावर लावून पाहावे. गावातल्या बचत गटाने तेलाचा साबण बनवला तर त्यांच्याकडूनच घ्या. त्यात दया आणि रोजगार दोन्ही साधतील.

प्रायश्चित्तकाळात आपण शुक्रवारी मांस वर्ज्य करतो. येत्या प्रायश्चित्तकाळात त्याबरोबर एक छोटा नेम करू या. आरशासमोरच्या कपाटातली एक वस्तू उचलून ती कशी बनली हे वाचावे, आणि तिच्यासाठी एखाद्या जिवाने विनाकारण सोसले असेल तर पुढच्या वेळी ती घेऊ नये. नेम कोणाला सांगायचा नाही. डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन उपास करावा, असे मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने शिकवले आहे. म्हणजे उपास फक्त पित्याला दिसावा. आपले तेल आणि आपला साबणही फक्त त्यालाच दिसू दे.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, दोन पैशांना विकली जाणारी चिमणीही तू विसरत नाहीस. ज्या हातांनी आम्ही प्रार्थनेला बसतो ते हात दुसऱ्याच्या वेदनेपासून स्वच्छ ठेव. आमच्या निवडीचा आम्हाला गर्व होऊ देऊ नकोस, आणि ज्यांना निवड करायला पैसा नाही त्यांना आमच्यामुळे लाज वाटू देऊ नकोस. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.